न गिळलेला घोट

त्या वखारीत मालकाचा मान दुसरा. पहिला जिभेचा.

चहाची वखार होती ती. खाली पोती, वजनकाटे आणि हमालांची ये-जा. वर एक लांबलचक खोली, तिच्यात पांढऱ्या कपांच्या रांगा आणि दोन टेबलांच्या मध्ये कमरेएवढी उंच पितळी पिकदाणी. लिलावाला निघणाऱ्या प्रत्येक पोत्याचा नमुना आधी या खोलीत यायचा आणि इथल्या जिभेने सांगितलेला भाव खाली ब्रह्मवाक्य ठरायचा. त्या खोलीत दोन बायकांनी एकीमागून एक राज्य केलं, आधी सासूने, मग सुनेने. सासूला सगळे थोरली जीभ म्हणत, सुनेला धाकटी जीभ. पुढे बोलता बोलता जीभ गळून पडली आणि नुसत्या थोरली आणि धाकटी उरल्या.

थोरलीच्या काळात म्हणे पिकदाणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असायची आणि तिची पिचकारी कधी चुकली नाही. एकदा मध्येच मांजर आडवं आलं, तर पिचकारी मांजराला वळसा घालून गेली. मांजर साक्षीला होतं. दुर्दैवाने आता ते हयात नाही. धाकटीही काही कमी नव्हती. एका घोटात तिने सांगितलं होतं की हे पोतं जहाजात साबणाच्या खोक्याशेजारी होतं, साबण गुलाबाचा होता, आणि पोत्यावर बसून सर्दी झालेला कुणीतरी डुलक्या काढत होता. चौकशी केली तर तो मालकाचा मेहुणा निघाला. सर्दी त्याला अजून होती.

या कामाचा एकच धर्म: गिळायचं नाही. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. दिवसाला शंभरावर कप चाखणारा माणूस गिळायला लागला तर संध्याकाळी त्याला पिंपासारखं गडगडत घरी न्यावं लागेल. पण थोरलीचं म्हणणं याहून कडक होतं. ती म्हणे, "चाखणाऱ्याने गिळलं की तो गिऱ्हाईक झाला." सुनेला तयार करताना ती तिच्या गळ्यावर दोन बोटं हलकेच टेकवून बसायची. गळ्यातली गाठ जराशी हलली की मनगटावर चमचा. धाकटीच्या गळ्याला मग अशी शिस्त लागली, की समोर अनोळखी पेय आणि हातात चमचा आला की गळा आतून आपोआप कडी लावून घ्यायचा. खोकल्याचं औषध तिला आजवर कधी लागू पडलं नव्हतं. का पडत नाही, याचा विचार कुणी केला नव्हता.

अशा या धाकटीला दिवस गेले.

पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला चहा किती कप होतो?"

"शंभर. लिलावाच्या आठवड्यात सव्वाशे."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"पण गिळत नाही," धाकटी म्हणाली.

"मग चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं त्यांना माहीत.

सहावा महिना संपत आला तेव्हा साखरेच्या तपासणीला बोलावणं आलं. त्या तपासणीचं नाव ऐकताच धाकटीला आपली ताई आठवली, आणि त्याला कारण होतं. तिच्या ताईची गरोदरपणी ही तपासणी कुणी केली नव्हती. ताई ठणठणीत होती, तिला कशाचा त्रास नव्हता, म्हणून तिनेही विचारलं नाही. बाळ झालं ते भलंमोठं. डोकं आलं आणि खांदा अडकला. खोलीत एकदम सहा माणसं धावत आली, हे ताई अजून सांगते आणि सांगताना हातातलं काम थांबवते. पोर वाचलं, पण त्याचा एक हात कित्येक महिने लुळा होता. आता तो त्याच हाताने शेजाऱ्यांच्या काचा फोडतो, ही गोष्ट वेगळी. पण धाकटीच्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न घर करून होता: आपल्या आत काय चाललंय, हे बाहेरून कळतं का?

तपासणीच्या खोलीत एक खुर्ची होती आणि खुर्चीला लागून बेसिन. सिस्टरांनी तिच्या हातात पेला दिला. आत पाण्यासारखंच काहीतरी, पण पेला तिरका केला की काचेवरून जरा आळसावून खाली येणारं.

"हे संपवा. मग दोन तास बाहेर बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही, मग रक्त घेऊ."

"हे कशासाठी?"

"साखरेचं. सगळ्यांनाच असतं." तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि सिस्टर गेल्या.

समोर अनोळखी पेय आणि शेजारी बेसिन. सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा चाखणारीच्या पिशवीत चमचा असतो. तिने तो कधी काढला हे तिलाही कळलं नाही. सुर्र. गोडी एकसुरी. थू. सुर्र. लिंबाचा वास, पण लिंबू याच्या गल्लीतूनही गेलेलं नाही. थू. मन लावून चाललं होतं सगळं. बाहेर सुर्र सुर्र ऐकून सिस्टर रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "बघा, या कशा आवडीने पितायत. नाहीतर तुम्ही, नाकं मुरडता."

रिकामा पेला परत देताना धाकटीने सवयीने निकालही दिला. "माल हलका आहे. वास वरून मारलेला. यापेक्षा जास्त भाव देऊ नका."

"आम्हाला फुकट येतं हो," सिस्टर म्हणाल्या.

दोन दिवसांनी अहवाल आला. साखर इतकी छान, इतकी नेमस्त, की सिस्टर म्हणाल्या, "बाई, दृष्ट काढून ठेवा. पेला पिऊन इतकी खाली साखर मी पाहिलेली नाही."

घरी आनंदीआनंद. नवरा प्लंबर होता. त्याने पान्याने टेबलावर ताल धरला. थोरली वाटाणे सोलत बसली होती. निवृत्त झाल्यापासून ती चारचौघांसारखं गिळायला शिकली होती आणि त्याचं तिला अजून नवल होतं.

"लागलं कसं ते?" तिने विचारलं. एका जिभेने दुसऱ्या जिभेला विचारावं तसं.

"एकसुरी गोड. लिंबू खोटं."

"आणि घशात? मी म्हातारपणी पहिल्यांदा सरबत गिळलं तेव्हा घसा नुसता खवखवला होता. इतकं गोड घशात टोचत असणार."

"घशात..." धाकटी म्हणाली, आणि थांबली. तोंडात कसं लागलं ते तिला आठवत होतं. जिभेच्या टोकाला, कडांना, टाळूला, सगळं पाठ होतं. घशाच्या दाराशी येऊन मात्र आठवण संपत होती.

थोरलीच्या हातातली शेंग अर्धीच उघडी राहिली. "बेसिन होतं का तिथे?"

"खुर्चीला लागूनच होतं."

"सगळं?"

"सगळं."

थोरलीने अर्धी शेंग टोपलीत परत टाकली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान आणि काळजी एकाच वेळी बसायला जागा शोधत होते. "इतक्या वर्षांत," ती शेवटी म्हणाली, "कुणी न गिळल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटतंय."

नवऱ्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "बरं, पण निकाल चांगला आलाय ना? मग कशाला उकरायचं? आमच्यात म्हणतात, गळत नाही तो पाइप उघडू नये."

"तो निकाल बेसिनचा आहे," धाकटी म्हणाली. "बेसिनला मधुमेह नाही, एवढंच कळलं."

"आणि पुन्हा केली, आणि वाईट निघाला तर?"

"तर तो आत्ताही वाईटच आहे. आपल्याला माहीत नाही इतकंच."

"आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं," थोरली म्हणाली. "हा झाला तेव्हा मी सकाळी कामावर जाऊन आले होते."

"आई, हा झाला तेव्हा वजन किती होतं याचं?"

थोरलीने मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नीट आठवत नाही. पण सुईण म्हणाली होती, हा चालतच आला." मग वाटाण्यांकडे बघत, आवाज उतरवून म्हणाली, "तीन आठवडे मला बसता येत नव्हतं. ते कुणाला सांगितलं नाही मी."

यावर नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी धाकटी डॉक्टरीणबाईंसमोर. खोली साधी. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर बाळाच्या पोटातल्या मुक्कामाचं चित्र. धाकटीने घडलं तसं सांगितलं, ताईचं आणि घरचंही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसू दाबायला माणसं चष्मा पुसतात, हे धाकटीला ठाऊक होतं. मालकही तेच करायचा.

"चूक आमचीही आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही पेला देतो, कारण देत नाही. पण गिळा असं सांगावं लागेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं."

"मग आता कारण द्या," धाकटी म्हणाली. "मी नमुना कोरडा असताना बघते, भिजल्यावर बघते आणि मगच चाखते. त्या दिवशी एकदम पेलाच हातात आला, तिथेच माझं बिनसलं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. धाकटीला ते आवडलं. घाईतला माणूस खुर्ची मागे ढकलतो.

"बाळाला खाऊ पोचवणारी वार असते ना, ती जसजशी वाढते तसतशी तुमच्या शरीराला साखर आवरणं जड जातं. बहुतेकींचं शरीर जास्त जोर लावून ते निभावतं. काहींचं पुरं पडत नाही. मग जादा साखर बाळाकडे जाते, आणि बाळ ती नाकारत नाही. ते अंगाने वाढतं, खांद्यात जास्त. जन्मल्यावर तो साखरेचा ओघ एकदम तुटतो आणि बाळाची साखर खाली घसरू शकते."

"आणि आईला कळत नाही?"

"बहुधा नाही."

हातातलं काम थांबवलेली ताई धाकटीच्या डोळ्यांपुढे आली. "मी नको म्हटलं तर?"

"तर नको. तुमचं शरीर आहे. मी रागावणार नाही. बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवीन, पण ते म्हणजे पोतं बाहेरून दाबून चहा ओळखण्यासारखं. अंदाज येतो, खात्री नाही. तुमच्या ताईचं आणि घरातलं ऐकल्यावर मी स्वतः असते तर केली असती. पण ते माझं झालं."

"दुसरी काही वाट?"

"आहे. घरी यंत्र देते. काही दिवस बोटाला टोचून जेवणाआधी-जेवणानंतर साखर बघायची. पेला नको. पण बोटं बरीच टोचावी लागतात, आणि नेमाने."

धाकटी आपल्या बोटांकडे बघत विचारात पडली. "आणि साखर जास्त निघाली तर मला काय कराल? आडवं पाडून सुया टोचणार?"

"आधी जेवणाचं बघू, चालायला लावू. पुष्कळींना तेवढ्याने भागतं. काहींना औषध किंवा इन्सुलिन लागतं. तेव्हाही का ते आधी सांगेन."

"या तपासणीचं भाकीत चुकतं का कधी?"

"चुकतं. सीमेवरच्या बायका असतात, आज इकडे, उद्या तिकडे. साखर जास्त म्हणजे बाळ मोठं होणारच असं नाही, आणि नीट म्हणजे होणारच नाही असंही नाही. धोका कमी-जास्त होतो, इतकंच मी सांगू शकते."

हे ऐकून धाकटीचा जीव जरा भांड्यात पडला. वखारीत जो व्यापारी म्हणतो माझा माल शंभर टक्के, त्याच्या पोत्याला ती आधी हात घालत नसे.

"पेलाच द्या," ती म्हणाली. "एकदाच आणि नीट. पण माझ्या गळ्याचं काहीतरी करावं लागेल."

ते काहीतरी सोमवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलं. थोरलीने नेसलं होतं ते वखारीतल्या निरोपाच्या दिवशीचं लुगडं. आत येताच तिने सुनेच्या पिशवीत हात घालून चमचा काढला आणि आपल्या कनवटीला लावला. मग खुर्ची बेसिनपासून सरकवून भिंतीशी नेली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं."

"मी नातेवाईक नाही," थोरली म्हणाली. "मी हिची उस्ताद आहे."

धाकटीने पेला तोंडाला लावला. पहिला घोट तोंडात आला आणि जीभ लगेच कामाला लागली. तोच एकसुरा गोडवा, तेच खोटं लिंबू. आणि चमचा नसूनही गळ्याने कडी लावली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. नजर बेसिनकडे गेली, तर मध्ये थोरली उभी.

सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. आज फोन वाजला तरी त्या हलणार नव्हत्या. असा तमाशा फोनसाठी कोण चुकवणार?

थोरली पुढे झाली. तिने दोन बोटं सुनेच्या गळ्यावर टेकवली. जागा तीच, बोटं तीच, फक्त आता त्यांच्यावर सुरकुत्या होत्या. धाकटीला मनगटावर चमचा बसणार असं वाटलं आणि ती दचकली.

"हलू दे," थोरली म्हणाली. "आज मी गाठ हलायची वाट बघत्येय."

गाठ हलली.

"पुन्हा."

पुन्हा हलली. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या कड्या एकामागून एक निघाव्यात तसे घोट खाली गेले. पेला रिकामा झाला तेव्हा धाकटीच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर विलक्षण नवल.

"काय?" थोरलीने विचारलं. "सांग की. घशात कसं लागलं?"

"गरम," धाकटी विचार करत म्हणाली. "गोड मागे राहतं आणि त्याच्या पाठोपाठ ऊब येते. मग खाली कुठेतरी लाथ बसते."

"लाथ त्यात नसते," सिस्टर म्हणाल्या. "ती बाळाची."

"मग बाळाने चाखलंय," थोरली म्हणाली. "काय भाव देतंय बघू."

दोन तास दोघी बाकावर बसल्या. थोरलीने पहिल्या अर्ध्या तासात शेजारच्या बाईला मांजराची गोष्ट सांगितली. या वेळी मांजरं दोन होती.

निकाल आला तो रेषेच्या वर. फार नाही, पण वर.

नवऱ्याने कागद उलटा-सुलटा केला. "उघडला पाइप आणि निघाली गळती," तो पुटपुटला. मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं उघडला. भिंत ओली व्हायच्या आधी."

धाकटीला वाटलं होतं आपण घाबरू. घाबरली नाही असं नाही. पण भीतीच्या मानगुटीवर दुसरंच काहीतरी बसलं होतं. तिला बघायचं होतं. पावाच्या एका तुकड्यानंतर साखर किती, दोनानंतर किती. बटाटा गरम खाल्ला तर आणि गार खाल्ला तर. जेवणानंतर नदीपर्यंत चालून आलं तर, आणि नवऱ्याशी भांडून आलं तर. ज्या बोटांना ती टोचायला कचरत होती ती आता ती आपण होऊन पुढे करायची. ताटातला पाव तिने निम्मा केला, संध्याकाळचं फिरणं वाढवलं, आणि दर भेटीला डॉक्टरीणबाईंकडे इतके प्रश्न घेऊन गेली की शेवटी त्यांनी तिची वेळ दिवसाच्या अखेरीला ठेवली, म्हणजे मागे कुणी खोळंबायला नको. साखर ताब्यात राहिली. औषध लागलं नाही. लागलं असतं तर तेही विचारून घेतलं असतं.

बाळंतपणाच्या दिवशी ताई येऊन बाहेर बसली होती, हातात विणकाम धरून. खोलीत सिस्टर जे करायच्या ते आधी सांगायच्या. आता त्यांना सवय झाली होती. न सांगता केलं तर काय ऐकावं लागतं, हेही ठाऊक झालं होतं. डोकं आलं. सगळ्यांनी श्वास रोखला. मग खांदा आला, आधी एक, मग दुसरा, शेजाऱ्याने दाराआडून डोकवावं इतक्या सहज. बाहेर रडणं ऐकू आलं तेव्हा ताईचं काम थांबलं होतं. ते तिने पुन्हा हातात घेतलं.

मुलगी. बेताची, चारचौघींसारखी. सिस्टर सुई घेऊन आल्या आणि धाकटीने तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "टाचेतून एक थेंब. हिची साखर खाली तर जात नाही ना, ते बघायला. आणि आधी दूध पाजा, तेच हिचं औषध."

धाकटीने लेकीला छातीशी धरलं. पोरीने ओठ फिरवले, पहिला थेंब तोंडात घेतला, आणि चक्क थांबली. डोळे मिटून, गाल जरासे फुगवून.

"बघ, बघ," थोरली कुजबुजली. "चाखत्येय. रक्त आहे कुणाचं." तिने आपली दोन सुरकुतलेली बोटं नातीच्या इवल्याशा गळ्यावर टेकवली.

सगळे बघत राहिले. मग बोटांखाली काहीतरी टिचकी मारल्यासारखं हललं.

"गिळलं," थोरली म्हणाली. तिने कनवटीचा चमचा काढून सुनेच्या उशाशी ठेवला. "गेलं हातचं. हे गिऱ्हाईक निघालं."